पोट, आवाज आणि भारोभार गूळ

डॉक्टरीणबाईंनी माझ्या नाकातून एक बारीक काळी नळी आत सोडली, घशापर्यंत नेली आणि समोरचा पडदा माझ्याकडे वळवला. "हा बघा तुमचा आवाज," त्या म्हणाल्या.

याला लॅरिंगोस्कोपी म्हणतात, म्हणजे कॅमेऱ्याने स्वरयंत्र बघणं. दुखत नाही. फक्त नाकात झुरळ शिरून संसार थाटतंय असं वाटतं.

पडद्यावर दोन सुजलेल्या, लालभडक पट्ट्या एकमेकींना टेकायची धडपड करत होत्या आणि त्यांना जमत नव्हतं. मी बघतच राहिलो. मी कर्जतला तोंड उघडलं तर खालापुरातल्या म्हशी दावं तोडायच्या. तो आवाज हा? ह्या दोन लाल गांडुळांचा?

"गाठ नाही," बाई म्हणाल्या.

माझ्या जिवात जीव आला. दिवाळीनंतर आमच्या घरात कॅन्सर हा शब्द कोणीही उच्चारत नव्हतं, आणि म्हणूनच तो रोज आमच्या पंगतीला येऊन बसत होता.

"मग झालंय काय?" मी विचारलं. म्हणजे विचारायला गेलो. बाहेर आला तो सायकलच्या पंपाचा आवाज.

"भाजलाय. पोटातलं आम्ल वर येतं आणि ह्या स्वरपट्ट्यांवर सांडतं. वजन किती तुमचं?"

"घशाचं?"

बाई हसल्या नाहीत. नर्स हसली. मला कोपऱ्यातल्या काट्यावर उभं केलं. आकडा आला एकशे अठरा. नर्सने काटा बंद करून पुन्हा लावला, कारण तिला वाटलं आधीच्या पेशंटचं वजन त्यात राहून गेलंय. पुन्हा एकशे अठरा.

"तुमचा आवाज कुठे गेलेला नाही," बाई औषध लिहिता लिहिता म्हणाल्या. "तुमच्या पोटाखाली सापडलाय. पोट उचला, आवाज निघेल."

असा माझ्या आजाराचा छडा लागला. ज्यांचा घसा महिनोन्‌महिने बसलेला आहे, सकाळी तोंडात आंबट पाणी येतं, सारखं खाकरावं लागतं आणि जे अजूनही हळद-दूध पिऊन वाट बघताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं हसं झालंच आहे. त्यातून तुमचा एखादा घसा वाचला तर वाचला.

मी रमाकांत. राहतो दहिवलीला. सिमेंट-सळईचं दुकान आहे, पण त्यासाठी मला कुत्रंही ओळखत नाही. मी समालोचक. आमच्या कर्जत-खालापूर दोन्ही तालुक्यांत भात कापून शेतं मोकळी झाली की गावोगाव टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा लागतात. धसकटं उपटून खेळपट्टी करतात, बांधावर भोंगे बांधतात, आणि मंडपात खुर्चीवर बसून दिवसभर माईकवर बोलणारा एक माणूस लागतो. तो मी. माझ्या तोंडून नाव आल्याशिवाय पोराला आपण सिक्स मारला असं वाटत नसे.

ह्या धंद्यात पैसा जेमतेम. खरा मान ताटाचा. यजमान गाव समालोचकाला जेवढं खाऊ घालेल, तेवढं त्या गावच्या बॅट्समनचं कौतुक, हा अलिखित करार आहे. एका गावाने मला दिवसभर नुसत्या वडापाववर काढलं. मी त्यांच्या कप्तानाचं नाव एकदाही घेतलं नाही. 'ज्याच्या पॅडची नाडी सुटलीय तो' एवढंच म्हणत राहिलो. पुढच्या वर्षी त्यांनी बोकड कापला. तोच कप्तान, तीच नाडी, पण तो झाला खालापूरचा वाघ.

तर असा मी वाघ तयार करत गेलो आणि स्वतः हत्ती झालो. सकाळी मिसळ, अकराला वडे, दुपारी मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या, चारला भजी. थंडीत अंधार पडला की पोपटी: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, मडकं पालथं घालून वरून जाळ. एक मडकं सगळ्यांना, एक मला. मग घरी येऊन थेट गादीवर आडवा. आडवा झाल्यावर माझ्या घोरण्याने समोरच्या घराचे पत्रे वाजायचे. पत्रे बदलायला त्यांनी वर्गणी मागितली होती, आणि मी ती दिली.

दिवाळीनंतरच्या पहिल्याच स्पर्धेत, फायनलच्या शेवटच्या ओव्हरला आवाज गेला. मी 'आणि हा चेंडू' म्हणालो, आणि पुढचं भोंग्यातून आलंच नाही. लोकांनी आधी जनरेटर तपासला, मग वायर, मग माईक. मला तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पुढे काय झालं ते नीट ऐका, कारण तुमच्याकडेही हेच होणार. आमच्याकडे आजार कुठलाही असो, औषध म्हणून काहीतरी खायलाच देतात. आईने रात्री झोपताना तूप-मिरी दिली. शेजारणीने शिरा दिला, घशाला मऊ पडतो म्हणून. सळईवाल्या ड्रायव्हरने कच्ची अंडी गिळायला लावली. मी स्वतः दिवसभर पुदिन्याच्या गोळ्या चघळत होतो, पाकिटंच्या पाकिटं. नंतर कळलं की पुदिना त्या आतल्या झडपेला आणखी सैल करतो. म्हणजे घर पेटलंय, आणि मी थंड वाटतं म्हणून रॉकेल शिंपडत होतो.

झडप कसली, ते पनवेलच्या पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं. घशाच्या बाईंनीच तिकडे पाठवलं होतं.

तिथल्या वेटिंग रूममध्ये खुर्च्यांना हात होते. मी बसलो तो नीट बसलो, पण नाव पुकारल्यावर उठलो तेव्हा खुर्ची माझ्याबरोबर उठली. माझी बायको सुरेखा मागून खुर्ची ओढत होती आणि समोरची ढेकर देणारी सगळी मंडळी ढेकर विसरून बघत होती. एक म्हातारा म्हणाला, "राहू द्या ताई, आत नेऊ द्या. डॉक्टर काढतील."

एन्डोस्कोपी म्हणजे तोंडातून नळी घालून अन्ननलिका आणि पोट आतून बघणं. उपाशीपोटी जायचं. घशात बधिर करणारा फवारा मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात, दातांत एक प्लास्टिकचं कडं देतात. घाबरू नका. चार-पाच मिनिटांत आटपतं. त्यात तुम्ही आयुष्यभराची लाळ गाळता एवढंच.

डॉक्टर तरुण होते, काडीसारखे. अशा माणसांना दयामाया नसते.

"तुमच्या अन्ननलिकेच्या टोकाला, पोटाच्या तोंडाशी, स्नायूची एक झडप आहे," ते म्हणाले. "खाल्लेलं खाली जाऊ द्यायचं, वर येऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. तुमची झडप ढिली पडलीय. शिवाय पोटाचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून थोडा वर सरकलाय. त्याला हायटस हर्निया म्हणतात."

"कशाने?" सुरेखाने विचारलं.

"ताकाने भरलेली पिशवी घ्या. तोंड सैलसर बांधा. आणि तिच्यावर ह्यांना बसवा."

सुरेखाने क्षणभर ते चित्र डोळ्यांसमोर आणलं आणि पदर तोंडाला लावला.

"ही ढेरी बाहेर दिसते तेवढीच नसते," डॉक्टर मला म्हणाले. "आतही चरबी असते. ती चोवीस तास पोट दाबते. आडवे झालात की उतारच नाही. आम्ल थेट घशात. हा गॅस्ट्रोइसोफेजिअल रिफ्लक्स. म्हणजे पोटातलं उलटं वर येणं."

"पण छातीत तर जळजळ फारशी नाही," मी पंपाच्या आवाजात म्हणालो.

"सगळ्यांना होत नाही. काहींचा फक्त घसा जातो. तुमचं नशीब, तुम्ही घशावर जगता."

गोळी दिली. सकाळी उपाशीपोटी घ्यायची, त्यानंतर अर्ध्या तासाने नाश्ता. गोळी आम्ल कमी करते. पण झडपेवर बसलेला माणूस गोळीने उठत नाही, हेही सांगितलं. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. नुसत्या उशा रचू नका, त्याने पोट दुमडतं आणि आणखी दाबलं जातं. घट्ट पट्टा नको. आणि वजन उतरवायचं.

"बारा-पंधरा किलो गेले की फरक तुम्हालाच ऐकू येईल," ते म्हणाले. "नाही गेले, तर पुढे ऑपरेशनचा विचार. आणि ह्या ढेरीवर ते करायला मला आवडणार नाही."

मी विटा लावल्या. विटाही दुकानातल्याच, त्यामुळे हात सैल सुटला. पहिल्या रात्री मी आणि सुरेखा दोघंही घसरत घसरत पलंगाच्या पायथ्याशी गोळा झालो. माझ्याखालून तिला काढायला सकाळ उजाडावी लागली. नंतर एकेकच वीट ठेवली.

आता माझ्या मेव्हण्याबद्दल सांगायला हवं. नितेश, सुरेखाचा धाकटा भाऊ. वजनाने एवढा हलका की वारा सुटला तर त्याला खिशात नारळ ठेवून बाहेर पडावं लागतं. माझ्या हाताखाली स्कोअर सांगायचा. माझा आवाज बसला तशी त्याने माईक उचलला, आणि पहिल्याच दिवशी लाखभर लोकांसमोर (बरं, तीनशे असतील) म्हणाला, "आपले लाडके भावजी आज मंडपात आहेत, पण मोबाईलसारखे सायलेंटवर आहेत."

झालं. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव सायलेंट. कर्जतच्या बाजारात भाजीवाली विचारायची, "सायलेंटशेठ, वांगी कशी देऊ, इशाऱ्यानं सांगा." बोलू नका म्हणून डॉक्टरीणबाईंनी दम दिलेला. कुजबूजसुद्धा नको, कुजबुजण्याने पट्ट्यांवर जास्त ताण येतो. म्हणजे भर बाजारात चार शिव्या घशाशी येऊन आम्लाबरोबरच परत जायच्या.

लोधिवलीची स्पर्धा आमच्याकडची मोठी. मोसमाच्या शेवटाला, चैत्रातल्या आमच्या गावदेवीच्या जत्रेनंतर असते. तिथली मंडळी घरी आली, चहा प्यायली, नितेशकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "जत्रेपर्यंत आवाज आला तर माईक तुमचा, रमाकांतशेठ. नाय आला तर नितेशचा. आन मंग दरवर्षी नितेशचाच. सारखं बदलायला बरं नाय दिसत."

नितेश नम्रपणे म्हणाला, "भावजींचा आवाज येवो, हीच देवीकडं प्रार्थना." आणि बशीतली माझी दोन बिस्किटं उचलून खाल्ली.

मी पेटलो. भाकरी अर्धी केली, मटण सोडलं, भजी तर नजरेनेसुद्धा खाल्ली नाहीत. सकाळी दहिवलीच्या पुलापर्यंत चालायला लागलो. कुत्री मागे लागायची, कारण एवढा ऐवज एकाच जागी त्यांनी पाहिला नव्हता. रात्री सातला जेवण: पातळ पेज, जोडीला काकडी. घरच्या काट्यावर माझा भरवसा नव्हता म्हणून भातगिरणीत जाऊन पोत्यांच्या काट्यावर वजन करायचो. गिरणीवाला ओरडायचा, "मालगाडी आली रे, जागा करा!"

आणि काटा हलेना. महिना गेला; एकशे अठरा. गिरणीवाल्याने दुसरं वजन टाकून बघितलं, एकशे एकोणीस. मी उपाशी राहून फुगत होतो. पनवेलच्या काडी डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "उपाशी राहून जगात कोणी जाड झालेलं नाही. घरात बघा."

सुरेखाने घरात बघितलं. डबा तिनेच पकडला, तुपाचा, माळ्यावर तांदळाच्या पिंपामागे लपवलेला. माझी आई, बहात्तर वर्षांची, गुडघ्यांनी अधू, रोज स्टुलावर चढून तो काढायची आणि माझ्या पेजेत पळीभर तूप सोडायची. भाकरीच्या पिठात दाण्याचं कूट आणि खोबरं मिसळायची. मला वाटायचं, भूक लागल्यामुळे पेज एवढी गोड लागतेय.

"आई, हे काय गं?" मी पाटीवर लिहून समोर धरलं.

आईने पाटीकडे बघितलंही नाही. "तुजा भार उतरवायचा नाय," ती म्हणाली. "देवीचा हाय तो."

मग सगळं बाहेर आलं. माझा आवाज गेला त्याच आठवड्यात आई गावदेवीला जाऊन नवस बोलून आली होती: माझ्या पोराचा आवाज परत दे, मी त्याच्या भारोभार गूळ देईन. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात मी, दुसऱ्यात माझ्या वजनाचा गूळ, तो देवीला. गुळाची तुला. आणि हा नवस गुरवासमोर बोलला होता. तेव्हा मी एकशे अठरा होतो.

"नवस बोलले तवा जेवडा व्हतास तेवडा देवीचा," आई म्हणाली. "तू उतरत चाललास तर देवीला काय वाटंल? म्हातारी शब्द देऊन मागं सरली. मंग ती देईल का तुला आवाज?"

"आत्या," सुरेखा शांतपणे म्हणाली, "वजन उतरल्याशिवाय आवाज येत नाय."

"आवाज आल्याबिगर नवस फेडायचा नाय."

"आणि फेडेपर्यंत?"

"फेडंपर्यंत वजन उतरवायचं नाय."

आवाज येण्यासाठी वजन जायला हवं, वजन उतरवण्यासाठी आधी आवाज यायला हवा. अशा फासात मी अडकलो होतो, आणि तो माझ्या जन्मदातीने तुपात भिजवून वळला होता. माझी आई मला मारत होती, आणि मनापासून मारत होती.

गुरवआबांकडे गेलो. नव्वदीचा माणूस, कमी ऐकू येतं. देवळात चार पिढ्यांचे नवस डोक्यात ठेवून बसलेला. सुरेखाने ओरडून सगळं सांगितलं. आबा म्हणाले, "बोललेला भार कमी व्हत नाय."

"मग एकशे अठरा किलो गूळ देतो ना आम्ही. ह्यांना कशाला बसवायचं?"

"मानूस पारड्यात बसल्याबिगर तुला व्हत नाय. आन आवाजाचा नवस हाय. पारड्यात बसून देवीच्या नावानं हाळी मारायची. भोंगा नाय, माईक नाय. मला ऐकू आली तर देवीला ऐकू आली. नाय तर नवस पुरा नाय."

आबांना ढोल ऐकू येत नव्हता. आई पदर पसरून देवीच्या पाया पडत होती, आणि मी देवीकडे बघून मनात म्हणत होतो की आता तूच बघ, माझ्या घशात पंप आहे.

तोड काढली सुरेखाने. तिने आबांच्या कानाशी जाऊन विचारलं, "ह्यांचं जेवढं उतरेल तेवढे तांदूळ गोणीत भरून मांडीवर ठेवले, तर भार तेवढाच ना? ह्यांच्याच अंगावरचं गेलेलं, ह्यांच्याच मांडीवर आलेलं."

आबांनी बराच वेळ मान हलवली. ती म्हातारपणाने हलत होती की होकार होता, हे कोणालाच कळलं नाही. सुरेखाने होकार धरला. आईनेही धरला, कारण तांदूळही शेवटी देवळातच राहणार होते.

त्या दिवसापासून तुपाचा डबा सुरेखाच्या उशाशी गेला आणि काटा हलला. घामाने दहिवलीचा रस्ता एवढा भिजला की लोकांना पाऊस लवकर लागल्यासारखं वाटलं. फाल्गुनात बंडीची बटणं लागली. घसा सकाळी कोरडा राहायला लागला, आंबट पाणी थांबलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घातली. पट्ट्या आता गुलाबी होत्या. "हळूहळू बोला," त्या म्हणाल्या. "ओरडू मात्र नका."

मी त्यांना नवसाचं सांगितलं नाही.

जत्रेच्या दिवशी देवळासमोरच्या चिंचेला मोठा लाकडी तराजू टांगला होता. गिरणीत वजन करून आलो होतो: एकशे चार. सुरेखाने चौदा किलोची तांदळाची गोण आणली. अख्खं गाव जमलेलं, लोधिवलीचा म्होरक्याही हजर. आणि माईकवर कोण? नितेश. जत्रेचं निवेदन त्यालाच दिलं होतं.

"मंडळी, जागेवर बसून घ्या," भोंग्यातून त्याचा आवाज आला. "झाडाला काही होणार नाही असं वनखात्याने कळवलंय. आपले सायलेंट भावजी पारड्यात पाय ठेवताहेत. चिंच वाकली. चिंच सावरली. शाब्बास चिंचे!"

लोक लोळत होते. आईसुद्धा हसत होती. मी बसलो आणि सुरेखाने गोण माझ्या पोटाशी दिली.

त्या क्षणी जे झालं ते मला कुठल्याही डॉक्टरच्या तोंडून ऐकून कळलं नसतं. चौदा किलो मी वर्षानुवर्षं पोटावर घेऊन फिरत होतो, झोपत होतो, बोलत होतो; मला कधी जाणवले नव्हते. आता तेच बाहेरून पोटावर आले, आणि श्वास अर्धा झाला. पारड्यात दुमडून बसलेलो, वरून गोण. समोर गुळाच्या ढेपी एकावर एक चढत होत्या. आणि माझ्या घशाशी ते आलं. ओळखीचं, आंबट, कढत. अनेक आठवड्यांनी भेटायला आलं होतं.

पारडी समान झाली. गुळाचं पारडं जमिनीपासून हातभर वर लटकत होतं. नितेश त्याला खेटून उभा होता, एक हात ढेपेवर.

"मारा हाळी," गुरवआबा म्हणाले आणि कानाला हात लावला.

मी तोंड उघडलं. पंपाचा आवाज आला.

"ऐकू आलं का आबा?" नितेश माईकवर म्हणाला. "बहुतेक टायर पंक्चर झालाय."

हशा उसळला. लोधिवलीच्या म्होरक्याने घड्याळ बघितलं. आईचं हसू मावळलं. तिने हात जोडले, आणि मला तिच्या डोळ्यांत दिसलं की आता ती स्वतःलाच दोष देणार, मरेपर्यंत, रोज, पेज ढवळता ढवळता.

मी गोण उचलली आणि खाली फेकली.

पोट मोकळं झालं. छाती भरली. आणि मी देवीच्या नावाने अशी हाळी ठोकली की चिंचेवरची वटवाघळं भर दुपारी उडाली, प्रसादाच्या रांगेतल्या बायकांच्या हातातली ताटं वाजली, आणि गुरवआबा दचकून म्हणाले, "आरं हळू की, भयरा हाय का मी?"

पण चौदा किलो एकदम गेल्यावर तराजू गप्प बसतो होय? मी वर गेलो, गूळ धाडकन खाली आला, आणि सगळ्यात वरची ढेप घसरून नितेशच्या पायाच्या अंगठ्यावर बसली. दहा किलोचा अस्सल गूळ. माईक चालू होता. त्याने जे म्हटलं ते भोंग्यातून पार माथेरानच्या डोंगरावर आपटून परत आलं आणि आम्ही सगळ्यांनी दुसऱ्यांदा ऐकलं.

माईक त्याच्या हातून पडला. सुरेखा पळाली. सख्खा भाऊ एका पायावर नाचतोय, आणि ती त्याच्या शेजारून गेली, माईक उचलला, पदराने पुसला आणि वर लटकणाऱ्या माझ्या हातात दिला.

मी काय करायला हवं होतं? माझा धंदा जो आहे तोच केला.

"मंडळी," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच ऐकू आला, थोडा खरखरीत, पण माझा. "नितेशने हा चेंडू पायावर घेतलाय. सरळ पायचीत. अंपायरकडे बघू नका, गुरवआबांनी बोट वर केलंय. फलंदाज तंबूकडे परततोय, एका पायावर, पण रुबाबात. टाळ्या होऊ द्या."

लोधिवलीचा माईक मला मिळाला. बॉल पडायच्या आत सांगायचो ते आता बॉल पडल्यावर सांगतो, कारण दर ओव्हरनंतर घोटभर पाणी प्यावं लागतं आणि जोरात ओरडायला बंदी आहे. पूर्वीचा आवाज पूर्ण आलेला नाही, कदाचित येणारही नाही. यजमान ताट आणतात, मी दोन घास घेतो आणि बाकीचं स्कोअर सांगणाऱ्याला देतो. स्कोअर नितेश सांगतो. अंगठ्याचं हाड मोडलं होतं, आमच्याच घरात पडून राहिला, खाऊन खाऊन आता खिशात नारळ ठेवायची गरज उरलेली नाही. परवा म्हणाला, "भावजी, सकाळी जरा आंबट येतं तोंडात." मी त्याला घशाच्या बाईंचा पत्ता दिला, आणि पुदिन्याच्या गोळ्यांचं पाकीट काढून घेतलं.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. दोन-तीन आठवड्यांच्या वर घसा बसला तर तूप-मिरी ठेवा बाजूला, कॅमेऱ्याने बघून घ्या. गाठ नाही हे डॉक्टरच्या तोंडून ऐका. छातीत दुखलं तर ॲसिडिटी असेल म्हणून घरी बसू नका, आधी हृदय तपासा. आणि वजनाचा आकडा काट्यावर वाचून काही कळत नाही. किराणावाल्याकडे जा, जेवढं उतरवायचं तेवढ्या तांदळाची गोण घ्या, पोटावर ठेवा, आणि आपलं नाव मोठ्याने घेऊन बघा.

उपकार पुष्कळांचे आहेत. दोन्ही डॉक्टरांचे, विटांचे, सुरेखाचे, त्या ढेपेचे. मला हसणाऱ्या झाडून सगळ्यांचेही, कारण दयेने माझं एक किलोही उतरलं नसतं.

नवस पुरा झाला की नाही, यावर अजून वाद आहे. गोण फेकल्यावर पारडी समान नव्हती, असं दोन-तीन म्हाताऱ्यांचं म्हणणं. आवाज आला म्हणजे देवी पावली, असं म्हणून आईने तो वाद स्वतःपुरता मिटवला. आता ती नितेशच्या अजून ठणकणाऱ्या अंगठ्यासाठी देवीला जाऊन आली.

"काय बोललीस आई?" मी विचारलं.

"त्याच्या भारोभार गूळ," ती म्हणाली, आणि पळी घेऊन त्याच्या पेजेकडे वळली.